उंदराच्या साक्षीचे वजन

पिंपरी-चिंचवड म्हटले की वाहनांचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. टेल्को, बजाज, त्यांना सुटे भाग पुरवणारी भोसरीची वर्कशॉपे आणि पुढे थेट चाकणपर्यंत पसरलेली मोटारींची वसाहत हा इतिहास इथल्या माणसांना तोंडपाठ आहे. पण या पट्ट्याचे औद्योगिक आयुष्य सुरू झाले ते एका बुरशीपासून. १० मार्च १९५४ रोजी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातली पहिली औषध कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पिंपरीत पेनिसिलीन तयार होऊ लागले. तेव्हा एमआयडीसी जन्माला यायची होती आणि फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे पिंपरी कॅम्पात नुकती कुठे स्थिरावत होती. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञ दिले. लोकांनी कंपनीला ‘एच. ए.’ म्हणायला सुरुवात केली. कॉलनी, शाळा आणि मैदान आजही त्याच नावाने ओळखले जाते. या कारखान्याबरोबर पिंपरीत आणखी एक गोष्ट आली, तिच्याकडे स्थानिक इतिहासात कोणी फारसे पाहिलेले नाही. माणसाच्या शरीरात जाणारी वस्तू सुरक्षित आहे की नाही हे आधी प्राण्यावर पारखायचे, ही ती शिस्त. सॅकरीन, सायक्लामेट, अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज या कृत्रिम गोडीच्या पदार्थांवरून जगात जे वाद झाले ते सगळे याच शिस्तीचे वाद आहेत. प्राण्याला काय झाले एवढे सांगणारा प्रयोग अर्धाच असतो; ते का झाले आणि किती मात्रेला झाले हे कळेपर्यंत त्यावरून माणसाबद्दल निकाल देता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. पिंपरीच्या औषधांचा इतिहास आणि सॅकरीनचा इतिहास शेजारी ठेवले की हे फार स्पष्ट दिसते.

पेनिसिलीनपासूनच सुरुवात करू. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी आठ पांढऱ्या उंदरांना घातक स्ट्रेप्टोकॉकस टोचले आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलीन दिले. सकाळपर्यंत औषध न मिळालेले चारही मेले होते आणि औषध मिळालेले जिवंत होते. आधुनिक वैद्यकातला हा बहुधा सर्वांत परिणामकारक प्राणिप्रयोग. पण १९४३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की हेच पेनिसिलीन अगदी थोड्या मात्रेत गिनीपिगला दिले तर तो मरतो. ऑक्सफर्डच्या पिंजऱ्यात त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग असते तर पेनिसिलीनवर विषारी असा शिक्का बसला असता आणि पिंपरीचा कारखाना कधी उभा राहिला असता हे सांगता येत नाही. गिनीपिग का मरतो याचा उलगडा व्हायला काही दशके गेली. त्याच्या आतड्यात राहणाऱ्या उपयोगी जिवाणूंना पेनिसिलीन मारते, मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात आणि त्यांचे विष प्राण्याला मारते. म्हणजे पेनिसिलीन गिनीपिगच्या पेशींना विषारी नाहीच. कारण कळले आणि दोन परस्परविरोधी निकाल एकाच वेळी खरे ठरले. शिवाय एक उपयोगी इशारा मिळाला: प्रतिजैविकांमुळे माणसाच्या आतड्यातही असाच बिघाड होऊ शकतो. तो होतो, आणि रुग्णालयांना आज त्याच्याशी झगडावे लागते. गिनीपिगचा मृत्यू कारण न शोधता बाजूला टाकला असता तर हा इशारा हरवला असता; कारण न शोधता स्वीकारला असता तर औषध हरवले असते.

इंजेक्शनच्या औषधांसाठी त्या काळच्या औषधकोशांनी सांगितलेली सशांची परीक्षा याच्या अगदी उलट स्वभावाची होती. जिवाणूंच्या भिंतींचे अवशेष द्रावणात राहिले तर ते रक्तात गेल्यावर हुडहुडी भरून ताप येतो. म्हणून प्रत्येक खेपेचा नमुना तीन सशांच्या कानाच्या शिरेत टोचायचा आणि काही तास त्यांचे तापमान मोजायचे. या परीक्षेत प्रश्न नेमका होता, ताप येण्याचे कारण माहीत होते आणि त्या द्रव्याला ससा जवळपास माणसासारखाच प्रतिसाद देतो हे तपासून झालेले होते. म्हणूनच ती टिकली, आणि म्हणूनच तिला पर्यायही मिळू शकला. कारण हाती असले की ते मोजण्याची दुसरी रीत शोधता येते. आधी समुद्री नालखेकड्याच्या रक्तावर आधारलेली चाचणी आली, मग माणसाच्याच रक्तपेशींवर होणारी आली, आणि भारतीय औषधकोशाने २०१८ च्या आवृत्तीत सशाऐवजी या रीती वापरायची वाट मोकळी केली. पिंपरीतच हाफकिन महामंडळाचे घोडे आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष थोडे थोडे टोचून घोड्यांच्या रक्तात प्रतिविष तयार होऊ दिले जाते आणि त्या प्रतिविषाची ताकद लहान उंदरांवर मोजली जाते. विष काय करते आणि प्रतिविष ते कसे अडवते हे ठाऊक असल्याने या मोजमापाबद्दल वाद होत नाहीत. एच. ए. च्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार यांनी पिंपरीचेच नाव दिलेल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध १९६१ च्या सुमारास मिळवले, तेव्हा त्यालाही प्राण्यांच्या पायरीवरून चढूनच माणसापर्यंत जावे लागले. त्या पिढीच्या शास्त्रज्ञांनी प्राण्याचा वापर मोजमापासाठी केला. त्याच्याकडून भविष्य वदवून घेण्याचा मोह त्यांना झाला नाही.

सॅकरीनच्या वाट्याला मात्र भविष्य सांगणारे उंदीर आले. हा पदार्थ १८७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना आयरा रेम्सन यांच्या प्रयोगशाळेत सापडला. साखरेपेक्षा सुमारे तीनशे पट गोड, शरीरात न जिरता लघवीवाटे बाहेर पडणारा आणि अतिशय स्वस्त. महायुद्धांच्या काळात साखर दुर्मीळ झाली तेव्हा तो युरोपच्या घराघरांत गेला. सायक्लामेट १९३७ मध्ये सापडले. ते सॅकरीनचा कडवट शेवट झाकते, म्हणून दहा भाग सायक्लामेट आणि एक भाग सॅकरीन असे मिश्रण १९६० च्या दशकात चालू झाले. १९६९ मध्ये या मिश्रणाच्या एका दीर्घ प्रयोगात मोठ्या जातीच्या उंदरांपैकी, ज्यांना प्रयोगशाळेत रॅट म्हणतात त्यांच्यापैकी, सर्वाधिक मात्रा दिलेल्या ऐंशींतल्या आठ उंदरांना मूत्राशयाच्या गाठी झाल्या. त्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने सायक्लामेटवर बंदी घातली. १९५८ पासून तिथे कायद्यात एक कलम होते: जो अन्नघटक माणसात किंवा प्राण्यात कर्करोग निर्माण करतो तो अन्नात चालणार नाही. मात्रा किती आणि कारण काय हे विचारण्याची सोय त्या कलमात नव्हती. मग पाळी सॅकरीनची आली. कॅनडातल्या सरकारी शास्त्रज्ञांनी रॅटच्या दोन पिढ्यांना अन्नात पाच टक्के सॅकरीन दिले आणि दुसऱ्या पिढीतल्या नरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या. सॅकरीन बनवताना मागे राहणारी एक अशुद्धी दोषी असेल अशी शंका होती. तिचीही वेगळी तपासणी झाली आणि ती निर्दोष निघाली. मार्च १९७७ मध्ये अमेरिकेने सॅकरीनवर बंदीचा प्रस्ताव मांडला. मधुमेही रुग्णांनी एवढा विरोध केला की त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने बंदी थोपवली आणि तिच्या जागी पाकिटावर इशारा आणला. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत कर्करोग आढळल्याचे सांगणारा तो इशारा २००० सालापर्यंत छापला जात होता.

या मात्रेचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा, कारण पन्नास वर्षे लोक एक तर त्याची टर उडवतात नाही तर त्याकडे काणाडोळा करतात. अन्नाचा पाच टक्के भाग म्हणजे रॅटच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे अडीच ग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला ही मात्रा रोज १२५ ग्रॅम पडते, म्हणजे गोडीच्या मापाने सुमारे साडेसदतीस किलो साखर. जागतिक तज्ज्ञ समितीने १९९३ मध्ये ठरवलेली आयुष्यभर रोज चालेल अशी मर्यादा दर किलो वजनाला पाच मिलिग्रॅम होती. पन्नास किलोला ती पाव ग्रॅम होते, म्हणजे उंदराच्या मात्रेचा पाचशेवा भाग. एवढी मात्रा देण्यात शास्त्रज्ञांचा काही कावा नव्हता. लाखात एकाला होणारा आजार शे-दोनशे उंदरांत दिसणे शक्य नसते, म्हणून मात्रा वाढवून परिणाम ठळक करायचा, हे त्यामागचे गणित. ते गणित एका गृहीतावर उभे आहे: कमी मात्रेला शरीरात जे घडते तेच मोठ्या मात्रेला, फक्त जास्त प्रमाणात, घडते. हे गृहीत कुठे लागू पडते आणि कुठे नाही हे कारण समजल्याशिवाय कळत नाही. सॅकरीनच्या बाबतीत ते लागू पडत नव्हते, आणि हे सिद्ध व्हायला पुढची वीस वर्षे लागली.

नेब्रास्का विद्यापीठातल्या सॅम्युअल कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने केलेले ते काम मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. नर रॅटची लघवी माणसाच्या लघवीपेक्षा फार वेगळी असते. तिच्यात प्रथिने पुष्कळ असतात आणि कॅल्शियम फॉस्फेट भरपूर असते. अशा लघवीत सोडियम सॅकरीन मोठ्या प्रमाणात उतरले की कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक स्फटिक साचतात, ते मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला सतत खरवडतात, खरवडलेले अस्तर भरून काढण्यासाठी पेशी पुन्हा पुन्हा विभागत राहतात आणि त्या धांदलीत कधीतरी गाठ होते. हे स्पष्टीकरण नुसते पटण्याजोगे नव्हते, ते तपासता येत होते. सोडियमऐवजी आम्लरूपातले सॅकरीन दिले तर रॅटच्या मूत्राशयाला तसा धोका होत नाही. उलट सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाचाच क्षार, भरमसाट दिला तर मूत्राशयात तसाच बिघाड होतो. दोष सॅकरीनच्या गोडीत असता तर असे घडले नसते. शेजारी माणसांचा पुरावाही साठत होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने मूत्राशयाच्या कर्करोगाचे सुमारे तीन हजार रुग्ण आणि त्यांच्याशी तुलना करण्यासाठी हजारो निरोगी माणसे तपासून १९८० मध्ये सांगितले की एकूणात सॅकरीनचा संबंध दिसत नाही. १९९८ मध्ये वीस माकडांना जन्मापासून चोवीस वर्षांपर्यंत सॅकरीन देऊन केलेल्या प्रयोगाचा निकाल आला. मूत्राशयात एकही गाठ नव्हती. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये सॅकरीनला ‘कर्करोगाची शक्यता’ या वर्गातून काढले, अमेरिकेनेही पुढच्या वर्षी आपल्या यादीतून वगळले, आणि २०२४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने रोजची मर्यादा पाचवरून नऊ मिलिग्रॅमपर्यंत वाढवली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. वीस वर्षे कारण शोधत बसायचे आणि तोवर लोकांनी संशयित पदार्थ खायचा काय? शंका आली की थांबवा, मग सावकाश शोधा. औषधाच्या बाबतीत मला हे तत्त्व मान्य आहे. अन्नाच्या बाबतीतही ते मान्य करायला मी तयार असतो, जर थांबवण्याची किंमत शून्य असती. पण अमेरिकेने सायक्लामेट थांबवले तेव्हा लोक सॅकरीनकडे वळले. कॅनडाने सॅकरीन थांबवले आणि सायक्लामेट चालू ठेवले. बरीच वर्षे परिस्थिती अशी होती की सीमेच्या एका बाजूला जे निषिद्ध तेच दुसऱ्या बाजूला सुरक्षित, आणि दोन्ही सरकारे उंदरांच्याच पुराव्यावर बोट ठेवत होती. यातून कोणाचे आरोग्य सुधारले हे दाखवता येत नाही. संशय आला तेव्हाच कारण शोधण्यावर पैसा आणि बुद्धी लावली असती तर वीस वर्षांचे काम कदाचित दहा वर्षांत झाले असते. कायद्याने मात्र प्रश्न ‘गाठ झाली की नाही’ एवढ्यावर गोठवला होता, त्यामुळे सारी शक्ती गाठी मोजण्यात गेली.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूने येतो, आणि तो मला अधिक धोकादायक वाटतो. उंदीर आणि माणूस वेगळे, तेव्हा उंदरांचे निकाल कचऱ्यात टाका, असे म्हणणाऱ्यांनी दोन घटना आठवाव्यात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन सुमारे लाखभर टर्की पक्षी मेले. त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन अनेक जातींच्या प्राण्यांत यकृताचा कर्करोग करते हे पुढच्या काही वर्षांत दिसले. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहालात आणि राजस्थानच्या बांसवाड्यात बुरशी लागलेला मका खाऊन आदिवासी गावांतली शंभराहून जास्त माणसे दगावली, तेव्हा त्या पक्ष्यांनी आधी दिलेल्या साक्षीची किंमत कळली. दुसरी घटना कारखान्यांच्या या पट्ट्याने खास लक्षात ठेवावी अशी. पीव्हीसी प्लास्टिक ज्यापासून बनते त्या व्हिनाइल क्लोराइडमुळे रॅटच्या यकृतात एक दुर्मीळ कर्करोग होतो हे इटलीत बोलोन्या येथे चेझारे माल्तोनी यांना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दिसले. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या एका पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांना नेमका तोच कर्करोग झाल्याचे जाहीर झाले. पदार्थ तोच, अवयव तोच, गाठीचा प्रकार तोच. इथे उंदीर अक्षरशः कामगाराच्या आधी बोलला होता. कामगारांच्या सुरक्षेचे आजचे अनेक नियम अशाच निकालांवर उभे आहेत. प्राण्यांचे निकाल सरसकट मोडीत काढणारा माणूस नकळत कामगाराच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभा राहतो.

माल्तोनी यांच्याच परंपरेतल्या बोलोन्याच्या संस्थेने २००५ पासून अ‍ॅस्पार्टेममुळे रॅटमध्ये रक्तपेशींचे कर्करोग वाढतात असे जाहीर केले. व्हिनाइल क्लोराइडच्या वेळी बरोबर ठरलेली ही परंपरा इथेही बरोबर असेल असे नुसत्या नावलौकिकावरून मानता येत नाही, आणि कंपन्यांना अडचणीची आहे म्हणून ती खोटी असेही नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आक्षेप घेतला तो कारणाचा: त्या उंदरांत फुप्फुसाचा जुना संसर्ग होता आणि संसर्गाने सुजलेल्या पेशी कर्करोगासारख्या दिसू शकतात. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘शक्यता आहे’ अशा वर्गात टाकले आणि त्याच दिवशी जागतिक तज्ज्ञ समितीने दर किलोला चाळीस मिलिग्रॅमची जुनी मर्यादा कायम ठेवली. वर्तमानपत्रांनी याला गोंधळ म्हटले. पहिल्या संस्थेने विचारले की हा पदार्थ कोणत्याही मात्रेत कर्करोग करू शकेल असा पुरावा आहे का. दुसऱ्या समितीने विचारले की माणसे खातात त्या मात्रेत धोका आहे का. दोन प्रश्नांची दोन उत्तरे आली, एवढेच. अ‍ॅस्पार्टेमच्या बाबतीत एक धोका मात्र निर्विवाद आहे, कारण त्याचे कारण रेणूपर्यंत ठाऊक आहे. फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात विकारात फिनाइलअ‍ॅलनिन पचत नाही आणि अ‍ॅस्पार्टेममध्ये ते असते. पाकिटावरचा तो इशारा म्हणूनच कोणी वादात ओढत नाही.

आता भोसरी, पिंपरी किंवा चाकणमधल्या कोणत्याही कारखान्याच्या गेटबाहेरच्या टपरीकडे पाहावे. शहरी मध्यमवर्ग कृत्रिम गोडीची चर्चा करतो ती चहातल्या शुगर फ्रीच्या गोळीची आणि डाएट कोकची. पण भारतीय कामगाराच्या पोटात सॅकरीन वर्षानुवर्षे गेले ते गोड सुपारी आणि पानमसाल्याच्या पुडीतून. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत आणि नंतर २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीत सोडावॉटरसारख्या पेयांना दर दशलक्ष भागांत सॅकरीनचे शंभर भाग, सुपारीला चार हजार आणि पानमसाल्याला आठ हजार अशा मर्यादा होत्या. म्हणजे पानमसाल्याच्या एका ग्रॅममध्ये आठ मिलिग्रॅम. या आकड्यांवरून सॅकरीनविरुद्ध ओरड करणे सोपे आहे, पण वर सांगितलेला पुरावा पाहता त्या पुडीतला धोकादायक पदार्थ सॅकरीन नाही. धोका सुपारीतच आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात बसवले. सॅकरीनचे पाप एवढेच की कडवट, तुरट सुपारी ते लहान मुलांनाही गोड लागेल अशी करते. उंदराच्या मूत्राशयाची भीती घालणाऱ्या बातम्यांनी लोकांचे लक्ष गोडीकडे वळवले आणि सुपारी मुखशुद्धी म्हणून बिनबोभाट खाल्ली जात राहिली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आणली. बंदीला तेव्हा भक्कम आधार होता, कारण सुपारीच्या बाबतीत माणसांचा पुरावा आणि प्राण्यांचा पुरावा एकाच दिशेला बोट दाखवत होते.

त्या पुराव्यात एका पुणेकर स्त्रीचा वाटा आहे आणि तो इथे सांगायलाच हवा. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा; शिक्षण फर्ग्युसनमध्ये. मुंबईत वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. तोंडाचे कर्करोग आणि लोकांच्या पान-तंबाखूच्या सवयी यांची सांगड घालणारे खानोलकर हे भारतातल्या आद्य विकृतिशास्त्रज्ञांपैकी. रणदिवे यांनी पुढे मुंबईच्याच कर्करोग संशोधन केंद्रात प्राण्यांवरच्या आणि पेशींवरच्या संशोधनाचा पाया घातला, १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघ उभा केला आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. सुपारी आणि तंबाखूच्या अर्कांवर त्यांनी सहकाऱ्यांसह केलेले प्राणिप्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७९ मध्ये सुमती भिडे आणि रणदिवे यांच्या गटाने पांढऱ्या उंदरांना सुपारीचा अर्क देऊन केलेले काम छापून आले. सालांकडे लक्ष द्यावे. अमेरिका सॅकरीनवरून रणकंदन करत होती त्याच वर्षांत मुंबईतल्या प्रयोगशाळेत सुपारीची परीक्षा चालली होती. फरक असा की या प्रयोगांमागे आधी माणसे होती. इथल्या रुग्णालयांत तोंडाचे रुग्ण दिसत होते, त्यांच्या सवयी नोंदवल्या जात होत्या, आणि मग प्राण्याला विचारले जात होते की या मिश्रणातला नेमका कोणता घटक हे करतो. प्राण्याला विचारायचा प्रश्न इथल्या माणसाच्या दुखण्यातून आला की उत्तर कामाचे निघते.

गोडीच्या पदार्थांबद्दलचा आजचा खरा प्रश्न कर्करोगाचा उरलेला नाही, तो साखरेच्या नियंत्रणाचा आहे. २०१४ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी दाखवले की सॅकरीन पाजलेल्या उंदरांच्या आतड्यातल्या जिवाणूंची घडी बदलते आणि रक्तातली साखर आवरण्याची त्यांची ताकद कमी होते. ते जिवाणू दुसऱ्या निर्जंतुक उंदरांत घातले की त्यांनाही तेच होते. हा चांगला प्रयोग होता, कारण परिणामाबरोबर कारणही त्यात तपासलेले होते. २०२२ मध्ये त्याच गटाने १२० माणसांवर चाचणी केली. सॅकरीन आणि सुक्रालोजमुळे काहींच्या शरीराचा साखरेला मिळणारा प्रतिसाद बिघडला, काहींचा नाही. सुक्रालोज हे १९७६ मध्ये लंडनमध्ये लेस्ली हफ यांच्या प्रयोगशाळेत शशिकांत फडणीस यांच्या हातून सापडलेले संयुग, साखरेच्याच रेणूत क्लोरीन बसवून केलेले. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत असा सल्ला दिला. त्यावर एक आक्षेप योग्यच आहे: ज्यांचे वजन आधीच वाढलेले आहे तेच लोक डाएट पेये पितात, तेव्हा पेयामुळे वजन वाढले की वजनामुळे पेय निवडले हे निरीक्षणांतून सुटत नाही. ही गाठ सोडवायला प्रयोगच लागतील, आणि ते कोणत्या शरीरांवर करायचे हा प्रश्न पुणे जिल्ह्यासाठी कळीचा आहे.

कारण इथल्या शरीरांबद्दल जगाला नवे काही शिकवणारे काम इथेच झालेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. सरासरी पावणेतीन किलोच्या आसपासची ही बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हडकुळी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाची तयारी गर्भातच होते, हा विचार त्यातून पुढे आला. मग २०१५ मध्ये आनंदवर्धन हार्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या विस्टर जातीच्या रॅटचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे रॅट वजनाला हलके जन्मत, त्यांच्या रक्तात इन्शुलिन जास्त असे, बी-१२ जीवनसत्त्व कमी असे आणि ते सहज मधुमेहाकडे झुकत. पुढे दोन पिढ्या पोटभर अन्न दिले तरी हा बिघाड सुधारला नाही. सॅकरीनच्या काळातला रॅट गोडीने ठासून भरलेला होता. या रॅटच्या अंगात इथल्या दुष्काळी तालुक्यांचा इतिहास होता. मराठवाड्यातून, विदर्भातून, नगर-सोलापूरच्या कोरडवाहू गावांतून चाकणच्या कारखान्यांत आलेला तरुण मुलगा शिफ्ट संपवून टपरीवर जे पितो आणि खातो, त्याचे त्याच्या शरीरात काय होत असेल याचा अंदाज युरोपातल्या धष्टपुष्ट स्वयंसेवकांवरून बांधणे मला पटत नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना नैतिक विरोध करणारे म्हणतील की आणखी उंदीर कशाला. तो विरोध आदराने ऐकण्यासारखा आहे. १९६० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे प्रयोगांचे नियम त्याच भावनेतून आले आणि ते कडक आहेत हे चांगले आहे. कारण न शोधता गाठी मोजण्यासाठी हजारो प्राणी खर्ची घालणे मला त्या कायद्यांच्या आत्म्याविरुद्ध वाटते. नेमक्या प्रश्नासाठी थोडे प्राणी वापरणे वेगळे. पिढ्यानपिढ्या अर्धपोटी राहिलेल्या रॅटना, नर आणि मादी दोन्हींना, माणसे खरोखर खातात त्या मात्रेत सॅकरीन आणि सुक्रालोज द्यावे. आतड्यातले जिवाणू, इन्शुलिन आणि जेवणानंतरची साखर मोजावी. बिघाड दिसला तर जिवाणू दुसऱ्या प्राण्यात घालून कारण तपासावे. आणि मग पिंपरी-चाकण पट्ट्यातल्याच स्वेच्छेने आलेल्या कामगारांवर काही आठवड्यांची चाचणी करावी. त्यासाठी लागणारी माणसे, रुग्णालये, प्राणिगृहे आणि सत्तर वर्षांचा औषध पारखण्याचा अनुभव हे सगळे निगडी ते हडपसर या टापूत आहे.